अथणीच्या सूर्यफुलाचा मध आणि पोलॅरिमीटरचा आरोप

तक्रार

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहणारे एक मधपाळ हिवाळ्यात आपल्या पेट्या टेम्पोत घालून अथणीकडे नेतात. सीमाभागात दोन टोकांना दोन हवामानं आहेत. खानापुरात सह्याद्रीचा पाऊस आणि जंगल, तर अथणीकडे काळं, कोरडवाहू रान. त्या रानात रब्बीचं सूर्यफूल उभं असलं की पेट्या झपाट्याने भरतात. माशी मेलिफेरा जातीची, सगळे जिला इटालियन म्हणतात ती. जानेवारीत काढलेला मध त्यांनी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून घरी आणला आणि थंडी संपता संपता एका पॅकिंगवाल्याला दाखवला.

पॅकिंगवाल्याने एका कॅनमधला नमुना खासगी प्रयोगशाळेत दिला. अहवालात पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आत होतं आणि रंग-वासाबद्दल तक्रार नव्हती. एका ओळीवर मात्र सगळं अडलं: ‘विशिष्ट वलन +6, उजवे. भेसळीची शक्यता.’ पॅकिंगवाल्याने माल उचलायला नकार दिला. मधपाळमामा अहवालाचा कागद आणि दोन कॅन घेऊन बेळगावला आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात आले.

“साखर घालायला मी काय कारखाना काढलाय काय वो, सर?” हे त्यांचं पहिलं वाक्य.

प्रयोगशाळेचा शेरा हवेतून आलेला नव्हता, हे आधी सांगायला हवं. फुलांचा मध ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाला डावीकडे वळवतो, आणि त्यात उसाच्या साखरेचा पाक किंवा स्टार्चपासून केलेलं सिरप पडलं की वलन उजवीकडे सरकतं. मध तपासणीतला हा जुना आणि बऱ्यापैकी खरा आडाखा आहे. शिवाय मामांच्या बाबतीत संशयाला जागाही होती. पावसाळ्यात पेट्यांना काय देता, असं विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही.

“पाक देतोय की. न्हाई म्हणत न्हाई. जून ते सप्टेंबर आमच्याकडचा पाऊस बघितलायसा न्हवं? माश्या बाहेर पडतील कशा? पण त्यो पाक त्याच खाऊन संपवत्यात. सूर्यफुलावर न्यायच्या आधी फ्रेमा मोकळ्या करून घेतोय मी.”

तेव्हा प्रश्न दोन होते. मध खरंच प्रकाश उजवीकडे वळवतो का? आणि वळवत असेल, तर त्याचा अर्थ भेसळ असाच होतो का?

डावं-उजवं नेमकं कशाचं

साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवतं, हे फ्रान्सच्या बिओने 1815 मध्येच पाहिलं होतं. पोलॅरिमीटरमध्ये आजही तेच होतं. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश एका प्रतलात कंप पावेल असा करून द्रावणाच्या नळीतून सोडायचा आणि पलीकडे तो किती अंशांनी वळला ते मोजायचं. उजवीकडे वळला तर अधिक, डावीकडे वळला तर उणे. नळीची लांबी आणि द्रावणाची दाटी हिशेबात घेऊन या अंशांवरून काढलेला आकडा म्हणजे विशिष्ट वलन.

वळण्याचं कारण रेणूच्या घडणीत असतं. एखाद्या कार्बनला चार वेगवेगळे गट जोडलेले असले, तर ते दोन तऱ्हांनी मांडता येतात आणि या दोन मांडण्या एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात. डाव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी उजव्या पायात बसत नाही, तसं त्यांचं असतं. पाश्चरने 1848 मध्ये टार्टरिक आम्लाच्या एका क्षाराचे असे डावे-उजवे स्फटिक भिंगाखाली पाहून चिमट्याने वेगळे केले होते. ग्लुकोजच्या सरळ साखळीत असे चार कार्बन आहेत, म्हणून त्या घडणीच्या सोळा साखरा संभवतात, आठ साखरा आणि त्यांच्या आठ प्रतिमा. त्यांतली ग्लुकोजची जागा एमिल फिशरने 1891 मध्ये ठरवली, तीही प्रकाश किती वळतो एवढ्यावरून नव्हे, तर रासायनिक क्रियांच्या साखळीवरून. शेवटी एक गोष्ट त्याला गृहीतच धरावी लागली: दोन प्रतिमांपैकी खरी कुठली? एक पर्याय त्याने निवडला. तो बरोबर निघाला, हे क्ष-किरणांनी कळायला 1951 साल उजाडलं.

या प्रकरणातला पहिला घोटाळा इथला आहे. साखरांच्या नावाआधीचं डी किंवा एल हे अक्षर रेणूच्या एका ठरावीक कार्बनवरची मांडणी सांगतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तो पाचवा कार्बन. प्रकाश कुठे वळेल याच्याशी त्या अक्षराचा संबंध नाही. मधातलं ग्लुकोज डी-ग्लुकोज आहे आणि त्याचं विशिष्ट वलन सुमारे +52.7. मधातलं फ्रुक्टोजही डी-फ्रुक्टोजच आहे आणि त्याचं सुमारे -92. दोघांच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कार्बनवरची मांडणी हुबेहूब सारखी. बी.एस्सी.ला ओसाझोनचा प्रयोग केलेल्यांना आठवेल: दोन्ही साखरांचे पिवळे स्फटिक एकाच घाटाचे येतात, कारण फरक असतो तो पहिल्या दोन कार्बनांत आणि तोच त्या क्रियेत पुसला जातो. तरीही एक साखर प्रकाश उजवीकडे नेते आणि दुसरी डावीकडे, तेही जोरात.

हे पाल्हाळ नाही. पॅकिंगवाल्याशी फोनवर बोलताना कळलं की त्याचा आग्रह निव्वळ शुद्धतेपुरता नव्हता. ‘डावीकडे वळणारा मध म्हणजे आरशातली साखर, ती अंगी लागत नाही, मधुमेह्याला चालते,’ असा मजकूर त्याच्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर फिरत होता आणि त्याला लेबलवर तसं काही छापायचं होतं. त्याला स्पष्ट सांगावं लागलं. आरशातलं ग्लुकोज म्हणजे एल-ग्लुकोज. ते खरंच अस्तित्वात आहे, चवीला गोडही लागतं आणि शरीराला ऊर्जा देत नाही, कारण आपल्या पेशींतली विकरं (एन्झाइम) डी-ग्लुकोजच्याच घाटाची आहेत. पण ते प्रयोगशाळेत बनवावं लागतं आणि भलतं महाग पडतं. कुठल्याही मधात ते नसतं. मध डावीकडे वळतो तो डी-फ्रुक्टोजमुळे, आणि त्याच मधातलं डी-ग्लुकोज रक्तात नेहमीच्याच वाटेने जातं. मधुमेह्याच्या दृष्टीने डावा मध आणि उजवा मध दोन्ही साखरच. हे ऐकून तो जरा नाराज झाला. लेबलचा विचार सोडला की नाही, माहीत नाही.

कॅनमध्ये काय होतं

मामांनी आणलेल्या कॅनकडे नीट पाहिल्यावर अर्धं उत्तर दिसत होतं. वरचा भाग पातळ आणि गडद, खालचा फिकट, दाणेदार, घट्ट. मध थिजला होता. सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोजचं प्रमाण मोठं, त्यामुळे तो लवकर थिजतो. त्यातून 14 अंश सेल्सिअसच्या आसपास मधात दाणा सगळ्यात वेगाने धरतो आणि आमच्याकडच्या जानेवारीच्या रात्री साधारण तेवढ्याच असतात. गिऱ्हाइकाला खाली बसलेला दाणा दिसला की तो साखरच समजतो. मामांना ही बोलणी नवी नव्हती.

नमुना कुठल्या भागातून घेतला, हे अहवालात नव्हतं. मामांना ते आठवत होतं. “वरचं पातळ सांडंल म्हणून पोरानं चमच्यानं खालचं खरवडून बाटलीत घातलं.”

खाली बसलेला दाणा म्हणजे मधातलं ग्लुकोज. फ्रुक्टोज पाण्यात फार विरघळतं, ते वरच्या पातळ भागात राहतं. त्यामुळे तळाचा मध ग्लुकोजने जड आणि वरचा फ्रुक्टोजने. एकाच कॅनमधून दोन वेगळी उत्तरं यायला एवढं पुरेसं होतं. तरीही हिशेब करून पाहिला तेव्हा तळाचा मध शून्याच्या जवळ यायचा, पण +6 पर्यंत जात नव्हता. कुठेतरी आणखी काही होतं.

घड्याळ लावून मोजणी

ग्लुकोज पाण्यात सरळ साखळीत जवळजवळ राहतच नाही. ते वळून कडं करतं आणि कडं बंद होताना पहिल्या कार्बनवर एक नवी डावी-उजवी जागा तयार होते. त्यातून अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं होतात. ही एकमेकांच्या प्रतिमा नाहीत, कारण बाकीचे सगळे कार्बन जसेच्या तसे असतात, बदल फक्त एका जागी. पण प्रकाशाच्या दृष्टीने फरक प्रचंड आहे: अल्फाचं वलन सुमारे +112, बीटाचं सुमारे +19. पाण्यात कडं उघडतं, पुन्हा बंद होतं, आणि शेवटी साधारण 36 टक्के अल्फा आणि 64 टक्के बीटा असा समतोल होतो. +52.7 हा आकडा त्या समतोलाचा. याला म्युटारोटेशन म्हणतात. ताज्या ग्लुकोजच्या द्रावणाचं वलन हळूहळू उतरतं, हे 1840 च्या दशकात द्युब्रुनफो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं. आमच्याकडे हा प्रयोग अभ्यासक्रमात आहे आणि मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, कारण तासभर बसून आकडे लिहायचे असतात.

मधातलं ग्लुकोज थिजतं ते अल्फा रूपातच, सोबत पाण्याचा एक रेणू घेऊन. म्हणजे तळाचा मध पाण्यात घातला की पहिल्या काही मिनिटांत त्या द्रावणात अल्फा ग्लुकोजचा मोठा साठा असतो आणि त्यातला प्रत्येक कण प्रकाशाला समतोलातल्या ग्लुकोजच्या दुपटीहून जास्त उजवीकडे ढकलत असतो. त्याच वेळी वाचन घेतलं तर यंत्र खोटं बोलत नाही, पण आपण भलताच प्रश्न विचारलेला असतो.

मोजणी अशी केली. तळाचा मध 20 ग्रॅम, पाण्यात विरघळवून, अॅल्युमिना क्रीमने गढूळपणा काढून, 100 मिलिलिटर करून गाळला. नळी दोन डेसिमीटरची, खोलीचं तापमान 24 अंश. पाणी घातल्याच्या क्षणी घड्याळ सुरू केलं. बाराव्या मिनिटाला पहिलं वाचन मिळालं, +2.3 अंश. अर्ध्या तासाने ते +1.1 झालं. तासाभराने काटा शून्याच्या किंचित डावीकडे होता. दोन तासांनी -1.0, आणि झाकून ठेवलेलं तेच द्रावण दुसऱ्या दिवशी -1.3 वर स्थिर. त्याच मधाच्या दुसऱ्या द्रावणात अमोनियाचे थोडे थेंब घातले. आम्लारीमुळे कडं उघडण्या-मिटण्याचा वेग फार वाढतो, आणि तिथे पहिल्याच वाचनात -1.3 आलं.

आमच्या नळीत आणि दाटीला वाचन विशिष्ट वलनाच्या 0.4 पट येतं, म्हणून बाराव्या मिनिटाच्या +2.3 चं विशिष्ट वलन काढलं तर ते +6 च्या जवळ येतं. पहिल्या अहवालातला आकडा तोच. त्या प्रयोगशाळेने मोजणी चुकवली नव्हती. थांबली नव्हती, एवढंच. मधाच्या ध्रुवण तपासणीच्या प्रमाणित पद्धतींत द्रावण रात्रभर ठेवा किंवा अमोनिया घाला अशी सूचना असते आणि ती गाळणं फार सोपं आहे, कारण वाचन लगेच घेतलं तरी आकडा येतोच.

आकड्यांचा मेळ बसतो का, ते फळ्यावर करून पाहिलं. तळाच्या मधात फ्रुक्टोज 35 टक्के, ग्लुकोज 40 टक्के आणि त्यातलं निम्मं स्फटिकात, माल्टोजसारख्या उजव्या साखरा 6 टक्के, असं धरू. ताज्या द्रावणात फ्रुक्टोजचे -32, विरघळलेल्या ग्लुकोजचे +10.5, स्फटिकातल्या अल्फाचे +22.4 आणि इतरांचे जवळपास +8. बेरीज +8.5. समतोलानंतर ग्लुकोजचा एकूण वाटा 21 वर उतरतो आणि बेरीज -3.3 होते. म्हणजे आमच्या नळीत +3.4 पासून सुरुवात आणि -1.3 वर शेवट. धरलेले आकडे नेमके तसेच असतील असं नाही, पण चिन्ह बदलायला एवढी साधी गोष्ट पुरते, हे दिसतं.

वरच्या पातळ भागाचं वाचन -5.5 अंश आलं आणि ते हललं नाही. तिथे स्फटिक नव्हतेच.

उसाची साखर तशीच मिसळली असेल तर? त्यासाठी द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून गरम केलं. सुक्रोजचं, म्हणजे उसाच्या साखरेचं, विशिष्ट वलन +66.5. आम्लाने ते फुटतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजचं समसमान मिश्रण होतं, ज्याचं वलन सुमारे -20. मधात वीस टक्के साखर घातलेली असती तर आमच्या नळीत सात अंशांचा फरक पडला असता. फरक पडला एका अंशापेक्षाही कमी. सुक्रोज नियमातल्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत आरामात बसत होतं.

जे यंत्राला दिसत नाही

इथे मामा खूश झाले. “मग आता लिहून द्या सर, साखर न्हाई म्हणून.”

ते लिहून देता आलं नाही, आणि का नाही हे समजावताना मोजणीपेक्षा जास्त वेळ गेला. आम्ही तपासलेली गोष्ट एवढीच होती की +6 हा आकडा भेसळीचा पुरावा नाही. मध निर्भेळ आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

बेळगाव जिल्ह्यात साखर स्वस्त आणि मुबलक. ज्याला खरोखर फसवायचं आहे तो मधात साखर ढवळत बसणार नाही. तो पाक आम्लाने किंवा विकराने फोडून घेईल आणि मग मिसळेल. त्या पाकात काय असतं? डी-ग्लुकोज आणि डी-फ्रुक्टोज, मधातल्यासारखेच, त्याच घाटाचे, त्याच हाताचे. त्याचं वलन डावीकडे. दाट पाकाचं पाण्यासकट विशिष्ट वलन -15 च्या आसपास येईल, म्हणजे मामांच्या तळाच्या मधापेक्षा कितीतरी जास्त डावं. असा अर्धा पाक घातलेला मध या तपासणीतून शिट्टी वाजवत बाहेर पडला असता आणि सूर्यफुलाचा थिजलेला मध दारात अडला. माश्यांना पाक पाजून त्यांच्याकडूनच तो भरून घेतला तरीही तेच. माशीच्या लाळेतलं विकर सुक्रोज फोडतं आणि पोलॅरिमीटरला काही कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: वलनाच्या चिन्हावरून मधाचा सौदा मोडणं बंद व्हायला हवं. स्टार्चच्या सिरपची ढोबळ भेसळ पकडायला ती तपासणी ठीक. त्यापलीकडे तिच्यावर भार टाकला की ती प्रामाणिक माणसाला अडवते आणि हुशार माणसाला सोडते.

फोडलेल्या पाकासाठी दुसरे मार्ग आहेत. आम्लाने फोडलेल्या पाकात एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं, ते मोजता येतं, पण तापवलेल्या आणि जुन्या मधातही ते वाढतं. खरी परीक्षा कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे कार्बनच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंची. ऊस आणि मका सी-फोर गटातली पिकं, म्हणजे हवेतला कार्बन वेगळ्या रासायनिक मार्गाने पकडणारी. त्यांच्या साखरेत जड कार्बन-13 चं प्रमाण सूर्यफुलासारख्या सी-थ्री वनस्पतींपेक्षा जास्त असतं. रेणू तोच, मांडणी तीच, वलन तेच, तरी अणूंच्या वजनात उसाचा ठसा राहतो. उसाचा पाक माशीने गिळून फोडला तरी तो ठसा जात नाही, म्हणून पावसाळ्यातल्या पाकाचा प्रश्नही याच परीक्षेने सुटला असता. तांदळाच्या सिरपपुढे मात्र हीसुद्धा हात टेकते, कारण भात सी-थ्री गटातलाच.

व्यवहाराचं काय झालं

समस्थानिकांची तपासणी आमच्याकडे होत नाही. बाहेर पाठवायची तर मोजक्या कॅनच्या मालाला तो खर्च परवडणारा नव्हता. मामांनी सरळ विचारलं, “एवढ्या पैशात दोन पेट्या येत्यात की वो. कोण घालंल?” पॅकिंगवालाही घालायला तयार नव्हता.

आम्ही एका कागदावर फक्त मोजणी लिहून दिली: नमुना कॅनच्या कुठल्या थरातला, द्रावण कधी केलं, वाचन किती मिनिटांनी घेतलं, तापमान किती, अमोनिया घातल्यावर काय, आम्लानंतर काय. शेरा लिहिला नाही. पॅकिंगवाल्याला सुचवलं की कॅन कोमट पाण्यात ठेवून, 40 अंशांच्या वर न जाता, दाणा पूर्ण विरघळू द्या, नीट ढवळा आणि मग नमुना काढा. त्याने एका कॅनवर तसं केलं आणि पुन्हा त्याच प्रयोगशाळेत दिला, या वेळी द्रावण रात्रभर ठेवायला सांगून. अहवाल डावा आला. भेसळीचा शेरा गेला.

माल त्याने उचलला, पण थिजलेला माल विकायला जड जातो हे कारण पुढे करून किलोमागे भाव पाडला. मामांनी निम्मे कॅन दिले. उरलेले थिजलेल्या अवस्थेतच बरण्यांत भरून ते खानापूरच्या आठवडी बाजारात घेऊन बसले आणि दाणा कसला, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ग्लुकोज समजावून सांगू लागले. नमुना कुठून काढला याची चिठ्ठी आता ते स्वतःच बाटलीला चिकटवतात.